हिमालयाचे छायाचित्रण

हिमालय छायाचित्रण : हिमालय व काराकोरम या पर्वतश्रेणींतील शिखरे, हिमनद्या, खिंडी, दऱ्या आणि तेथील वस्ती यांची कॅमेऱ्याच्या साहाय्याने केलेली नोंद. या छायाचित्रणाचा प्रारंभ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास झाला. समन्वेषण, भूमापन, गिर्यारोहण आणि व्यापार अशा अनेक प्रेरणा त्यामागे होत्या. केवळ पर्वताचे रूप टिपण्यासाठी निर्जन प्रदेशात महिनोन्‌महिने हिंडणारा छायाचित्रकार मात्र आरंभकाळी विरळाच आढळतो. सॅम्युएल बोर्न (१८३४–१९१२) हा इंग्रज व व्हीत्तॉर्यो सेल्ला (१८५९–१९४३) हा इटालियन हे या परंपरेचे दोन आधारस्तंभ मानले जातात. त्यांची चित्रे आज कलाकृती म्हणून पाहिली जातातच; शिवाय वितळत जाणाऱ्या हिमनद्यांच्या इतिहासाचे साधन म्हणूनही त्यांना महत्त्व आले आहे. हा दुसरा उपयोग दोघांच्याही कल्पनेत नव्हता.

पूर्वपीठिका : कॅमेरा येण्यापूर्वी हिमालयाचे रूप बाहेरच्या जगाला पोहोचविण्याचे काम चित्रकार व भूमापक यांनी केले. हेर्मान, आडोल्फ व रोबेर्ट या तिघा श्लागिनट्‌व्हाइट बंधूंनी १८५४–५७ या काळात भारतात व मध्य आशियात केलेल्या प्रवासात शेकडो दृश्ये मुख्यतः रेखाटन व जलरंग यांतच उतरविली. भारतात छायाचित्रणाचा प्रसार याच सुमारास होत होता. मुंबईची छायाचित्रण संस्था १८५४ मध्ये स्थापन झाली; कलकत्ता व मद्रास येथील संस्था १८५६ मध्ये निघाल्या. परंतु या संस्थांच्या सभासदांचे लक्ष वास्तू, लेणी, शहरे व माणसे यांच्याकडे होते. मुंबईच्या दमट हवेत जे काम कसेबसे साधत असे, ते बर्फाच्या रेषेवर साधेल, असे मानण्यास फारसे कोणी तयार नव्हते.

यूरोपात या शंकेचे उत्तर मिळाले होते. फ्रेंच छायाचित्रकार ऑग्यूस्त-रोझाली बीसाँ याने २४ जुलै १८६१ रोजी मॉन्ट ब्लँकच्या माथ्यावर पोहोचून तीन चित्रे घेतली. त्यासाठी त्याला पंचवीस ओझेकरी न्यावे लागले. हिमालयात १८६३ च्या उन्हाळ्यात कांग्राचा डेप्युटी कमिशनर फिलिप एगर्टन याने स्पितीचा दौरा करून तेथील चित्रे घेतली. तिबेटच्या सीमेपलीकडून येणाऱ्या शालीच्या लोकरीच्या व्यापाराला वाट काढणे, हा त्याचा मुख्य हेतू होता. छायाचित्रण हे जोडकाम होते. त्याच उन्हाळ्यात बोर्न सिमल्याहून निघाला.

आर्द्र कलोडियन पद्धती : बोर्नच्या कार्याचे मोल समजण्यासाठी त्याच्या साधनांची कल्पना असणे आवश्यक आहे. फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज कारागिराने १८५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आर्द्र कलोडियन पद्धतीत स्वच्छ पुसलेल्या काचेवर आयोडाइडयुक्त कलोडियनचा पातळ थर ओतीत. हा थर सुकण्यापूर्वीच काच अंधारात सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवून प्रकाशसंवेदी करीत आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून तिच्यावर प्रकाश घेत. त्यानंतर लगेच अंधारात परतून प्रतिमा उमटविणे, स्थिर करणे व धुणे ही कामे उरकावी लागत. थर वाळला की त्याची संवेदनक्षमता नाहीशी होई. हा सर्व खेळ काही मिनिटांचा असे. त्यामुळे छायाचित्रकार जेथे जाईल तेथे त्याची अंधारखोली, रसायनांच्या बाटल्या, तबके, काचेच्या पेट्या आणि धुण्यासाठी पाणी हे सारे जावे लागे. चित्र मोठे करण्याची सोयीची पद्धत त्या काळी नसल्याने जेवढे चित्र हवे तेवढीच मोठी काच वापरणे भाग होते.

डोंगरात या पद्धतीच्या अडचणी दुणावत. कडाक्याच्या थंडीत रसायनांची क्रिया मंदावे, पाणी गोठे, बोटे बधिर होत. दुपारचा वारा सुटला की तंबू व तिपाई दोन्ही हलत. शिवाय हा थर निळ्या प्रकाशाला अतिशय आणि हिरव्या-तांबड्या प्रकाशाला अत्यल्प संवेदी असे. आकाश व बर्फ उमटेपर्यंत खालचे देवदाराचे रान काळेच राही. रानातील तपशील येईपर्यंत काच उघडी ठेवली, तर आकाशाचा एकसारखा पांढरा पडदा होई आणि ढग पुसले जात. त्या काळातील बहुतेक पर्वतचित्रांत आभाळ रिकामे दिसते, याचे कारण हेच होय. तेव्हाच्या प्रेक्षकांना ते खटकले नसावे. आजच्या पाहणाऱ्याला मात्र त्या रिकामेपणात एक विलक्षण शांतता जाणवते.

सॅम्युएल बोर्न : बोर्नचा जन्म ३० ऑक्टोबर १८३४ रोजी इंग्लंडमधील स्टॅफर्डशर व श्रॉपशर यांच्या सीमेवरील मकलस्टन या खेड्याजवळ शेतकरी कुटुंबात झाला. नॉटिंगॅम येथील एका बँकेत तो कारकून होता. छायाचित्रणाचा छंद वाढत जाऊन १८६२ च्या लंडन येथील आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात त्याची चित्रे मांडली गेली आणि लवकरच त्याने बँकेची नोकरी सोडली. १८६३ च्या आरंभी तो कलकत्त्यास उतरला व तेथून सिमल्यास गेला. तेथे विल्यम हॉवर्ड या छायाचित्रकाराशी त्याने भागीदारी केली. पुढे चार्ल्स शेपर्ड त्यांना मिळाला. हॉवर्ड निघून गेल्यावर ही पेढी ‘बोर्न अँड शेपर्ड’ या नावाने प्रसिद्धीस आली. शेपर्डने मुख्यतः प्रती काढण्याचे व पेढीचे काम पाहावे आणि बोर्नने देशभर हिंडून दृश्ये गोळा करावी, अशी त्यांची वाटणी होती.

हिमालयात बोर्नने तीन मोठे प्रवास केले. पहिल्या प्रवासात २९ जुलै १८६३ रोजी तो सुमारे तीस ओझेकऱ्यांसह सिमल्याहून निघाला आणि सतलजच्या खोऱ्याने चिनीपर्यंत व पुढे स्पितीच्या सीमेपर्यंत गेला. वाटेत सुमारे ४,६०० मी. उंचीवर हिमवृष्टीत त्याने काच तयार करून चित्र घेतले. १२ ऑक्टोबर रोजी तो सिमल्यास परतला, तेव्हा त्याच्याजवळ १४७ निगेटिव्ह होत्या. दुसऱ्या प्रवासासाठी मार्च १८६४ मध्ये लाहोरहून निघून कांग्रा, बैजनाथ व चंबा या मार्गाने तो काश्मीरात पोहोचला आणि वर्षअखेरीस ५४६ निगेटिव्ह घेऊन परतला. या खेपेस चाळीसांहून अधिक ओझेकरी होते. अंधारखोलीचा तंबू सुमारे तीन मीटर उंच व तळाशी तितकाच रुंद होता. लहान-मोठ्या मिळून साडेसहाशे काचा बरोबर होत्या. त्यांतील मोठ्या काचा २५ × ३० सेंमी. आकाराच्या होत्या. एवढ्या काचा झुलत्या पुलांवरून व निसरड्या पायवाटांवरून नेऊन सुखरूप परत आणणे, हेच मुळात एक कौशल्य होते.

तिसरा प्रवास सर्वांत दीर्घ पल्ल्याचा व खडतर ठरला. ३ जुलै १८६६ रोजी सिमला सोडून बोर्न कुलू, लाहूल व कुंझुम खिंड या मार्गाने स्पितीत उतरला. तेथून सतलजच्या खोऱ्याकडे येण्यासाठी त्याने मनिरंग खिंड ओलांडली. या खिंडीची उंची त्याने १८,६०० फूट, म्हणजे सुमारे ५,६७० मी., दिली आहे. आधुनिक मापनानुसार ती थोडी कमी भरते. तेथे त्याने घेतलेली चित्रे पुढे सुमारे वीस वर्षे जगातील सर्वाधिक उंचीवरील छायाचित्रे म्हणून ओळखली गेली. तेथून बस्पाच्या खोऱ्यातून आणखी एक बिकट खिंड ओलांडून तो भागीरथीच्या खोऱ्यात उतरला आणि हिमनदीच्या ज्या गुहेतून गंगा बाहेर पडते त्या गोमुखाशी त्याने कॅमेरा लावला. यात्रेकरूंच्या दृष्टीने हे प्रवासाचे अंतिम पुण्यस्थान होते, तर बोर्नच्या दृष्टीने ते एक दुर्मिळ दृश्य होते. तथापि तेथे तोही काहीसा भारावून गेला, असे त्याच्या लेखनावरून दिसते. मसुरीच्या वाटेने तो वर्षअखेर मैदानात परतला.

या प्रवासांचे वृत्तांत बोर्नने *ब्रिटिश जर्नल ऑफ फोटोग्राफी* या नियतकालिकात १८६३ ते १८७० या काळात क्रमशः प्रसिद्ध केले. ते मूळ छायाचित्रकारांसाठी लिहिलेले असल्याने त्यांत रसायनांच्या प्रमाणापासून मुक्कामाच्या जागेपर्यंत सर्व तपशील येतात. चित्रे व वृत्तांत दोन्ही उपलब्ध असलेला असा आरंभकालीन पर्वतछायाचित्रकार दुसरा क्वचितच सापडतो.

सौंदर्यदृष्टी : बोर्न हिमालयात आला तो इंग्रजी निसर्गचित्रकलेचे संस्कार घेऊन. पुढे झाड किंवा खडक, मध्ये पाणी, मागे धूसर डोंगर अशी रचना त्याच्या मनात पक्की होती. सतलजच्या खोऱ्यात हा साचा जुळेना. डोंगर अवाढव्य होते, परंतु तळी नव्हती. दऱ्या इतक्या खोल की भिंगाच्या कक्षेत त्या मावत नसत, आणि मावल्या तर चित्रात त्यांची खोली हरवे. स्वतः बोर्नने ही तक्रार वारंवार केली आहे. काश्मीरमध्ये मात्र दल सरोवर, झेलमचे काठ, चिनार व पॉप्लरच्या रांगा पाहून तो सुखावला आणि तेथील त्याची चित्रे सर्वांत लोकप्रियही झाली. तरीदेखील त्याचे श्रेष्ठ काम काश्मीरचे नव्हे. ज्या स्पितीत व मनिरंगच्या परिसरात त्याचे शिकलेले नियम निरुपयोगी ठरले, तेथेच त्याला नवी दृष्टी लाभली. दगड, हिम व आकाश या तीनच घटकांची ती चित्रे कोणत्याही चित्रकाराची आठवण करून देत नाहीत. विशाल उताराच्या पायथ्याशी एखादा ओझेकरी मुंगीएवढा दिसतो. प्रमाण कळावे म्हणून त्याला तेथे बसविलेले असे.

ओझेकरी व बेगार : या चित्रांमागील श्रमांचा विचार केल्यावाचून हा इतिहास पुरा होत नाही. बोर्नच्या तिसऱ्या प्रवासात ओझेकऱ्यांची संख्या ऐंशीच्या घरात गेली होती. ही माणसे बहुधा राजीखुशीने आलेली नसत. सिमल्याच्या आसपासच्या पहाडी संस्थानांत व कुमाऊँ-गढवालात बेगारीची रूढी होती. साहेब मुक्कामास आला की गावच्या मुखियाने ठराविक माणसे ओझ्यासाठी पुरवावी, असा दंडक होता आणि मजुरी मिळाली तरी ती नाममात्र असे. पिकांच्या दिवसांत घरचे काम टाकून, अंगावर पुरेशी वस्त्रे नसताना, काचेच्या पेट्या घेऊन साडेचार-पाच हजार मीटरांच्या खिंडी चढणे त्यांच्या वाट्यास येई. पुष्कळदा ते ओझे टाकून पळून जात.

पहिल्या प्रवासात असे घडले, तेव्हा बोर्न हाती काठी घेऊन गावात शिरला आणि लपून बसलेल्यांना मारहाण करून त्याने त्यांना पुन्हा ओझ्याखाली जुंपले. ही हकीकत त्याने स्वतःच, कोणताही संकोच न बाळगता, छापून प्रसिद्ध केली. वाचकांना ती विनोदी वाटेल, अशी त्याची अपेक्षा दिसते. त्याच वृत्तांतात अन्यत्र तो ओझेकऱ्यांच्या चिकाटीचे कौतुकही करतो आणि त्यांच्यावाचून एकही चित्र शक्य नव्हते, हे त्याच्या वर्णनावरून स्पष्ट होते. परंतु काचेवर क्रमांक व स्वाक्षरी फक्त बोर्नची आहे. ओझेकऱ्यांपैकी कोणाचे नाव नोंदलेले नाही. बेगारीविरुद्धचा असंतोष पुढे अनेक दशके धुमसत राहिला. १४ जानेवारी १९२१ रोजी, मकरसंक्रांतीच्या दिवशी, कुमाऊँमधील बागेश्वर येथे जमलेल्या लोकांनी बेगारीच्या नोंदवह्या शरयू नदीत बुडविल्या. त्याच सुमारास सिमल्याच्या डोंगरांत सॅम्युएल स्टोक्स याने या प्रथेविरुद्ध चळवळ चालविली.

बोर्नने १८७० च्या अखेरीस भारत सोडला. नॉटिंगॅम येथे त्याने मेहुण्यासह सुताच्या धंद्यात जम बसविला. उतारवयात तो जलरंगातील चित्रे काढीत असे. २४ एप्रिल १९१२ रोजी तो निधन पावला. हिमालयाकडे तो पुन्हा वळला नाही. त्याच्या निगेटिव्हवरून पेढी मात्र पुढे अनेक वर्षे प्रती काढून विकीत राहिली. सूचीतील क्रमांक कळविला की गिऱ्हाइकास हवे ते दृश्य मिळे. हिमालय घरबसल्या विकत घेता येण्याची सोय अशा रीतीने प्रथमच झाली.

शुष्क पट्टिका व व्हीत्तॉर्यो सेल्ला : रिचर्ड लीच मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टराने १८७१ मध्ये जिलेटिनाच्या थराची कल्पना मांडली आणि त्या दशकाच्या अखेरीस तयार शुष्क पट्टिका बाजारात आल्या. आता काच घरूनच संवेदी करून आणता येई व प्रतिमा परतल्यावर उमटविता येई. अंधारखोलीचा तंबू गेला. ओझे कमी झाले. परंतु नवी अनिश्चितता आली. बोर्नला आपले चित्र साधले की नाही हे जागच्या जागी कळे. शुष्क पट्टिका वापरणाऱ्यास ते काही आठवड्यांनी, कधी समुद्रापार परतल्यावर कळे.

सेल्लाचा जन्म इटलीतील ब्येल्ला या लोकरीच्या कापडासाठी प्रसिद्ध असलेल्या गावी २८ ऑगस्ट १८५९ रोजी झाला. त्याचे वडील जुझेप्पे व्हेनान्त्सिओ हे कापड-कारखानदार होते आणि छायाचित्रणावरील इटालियन भाषेतील पहिला व्यापक ग्रंथ त्यांनीच १८५६ मध्ये लिहिला. चुलते क्वीन्तीनो सेल्ला हे इटलीचे अर्थमंत्री व इटालियन गिर्यारोहण मंडळाचे संस्थापक. डोंगर व रसायने दोन्ही सेल्लाच्या घरातच होती, असे म्हणता येईल. १८८२ मध्ये ऐन हिवाळ्यात मॅटरहॉर्न ओलांडून त्याने गिर्यारोहक म्हणून नाव मिळविले. ३० × ४० सेंमी. काचा घेणारा, सुमारे अठरा किग्रॅ. वजनाचा कॅमेरा आल्प्सच्या माथ्यावर नेऊन त्याने आपली पद्धत सिद्ध केली. त्यानंतर कॉकेशस (१८८९, १८९० व १८९६), अलास्कातील सेंट इलायस (१८९७) आणि आफ्रिकेतील रूवेंझोरी (१९०६) या मोहिमांत त्याने भाग घेतला.

हिमालयात तो प्रथम आला १८९९ मध्ये, इंग्रज गिर्यारोहक डग्लस फ्रेशफील्ड याच्या कांचनगंगा-प्रदक्षिणेत. ५ सप्टेंबर रोजी ही तुकडी दार्जिलिंगहून निघाली. तिच्यात सेल्लाचा भाऊ एर्मिन्यो, भूवैज्ञानिक एडमंड गारवुड आणि भारतीय सर्वेक्षण खात्यातील अनुभवी समन्वेषक रिंझिन नामग्याल हे होते. नामग्याल यांनी १८८४ मध्येच या पर्वताभोवती फेरी घातली होती. वाट ठाऊक असलेला असा तोच एक माणूस तुकडीत होता. झेमू हिमनदीवर असताना सप्टेंबरच्या चौथ्या आठवड्यात प्रचंड हिमवृष्टी झाली. त्याच वादळी पावसाने दार्जिलिंग येथे दरडी कोसळून मोठी प्राणहानी झाली. कमरेएवढ्या ताज्या हिमामुळे तुकडीचे बेत विसकटले. परंतु वादळ निवळल्यावरच्या स्वच्छ हवेत सेल्लास हवा तो प्रकाश मिळाला. सिनिओलचू शिखराचे त्याचे जगप्रसिद्ध चित्र याच प्रवासातील आहे. पुढे सुमारे ६,१०० मी. उंचीची जोनसाँग खिंड ओलांडून ते सर्व नेपाळच्या हद्दीत उतरले व ऑक्टोबरात परतले. फ्रेशफील्डने या प्रवासावरील ग्रंथ १९०३ मध्ये प्रसिद्ध केला. त्याची कीर्ती बऱ्याच अंशी सेल्लाच्या चित्रांमुळे आहे.

१९०९ मध्ये अब्रुत्सीच्या ड्यूकबरोबर सेल्ला काराकोरममध्ये गेला, तेव्हा त्याचे वय जवळजवळ पन्नास होते. के-२ शिखरावरील प्रयत्न फसला. चोगोलिसा शिखरावर ड्यूक सुमारे ७,५०० मी. पर्यंत पोहोचला आणि हा उच्चांक १९२२ पर्यंत अबाधित राहिला. आज या मोहिमेची आठवण या उच्चांकापेक्षा सेल्लाच्या चित्रांमुळे अधिक आहे. बाल्टोरो हिमनदीच्या दोन्ही बाजूंच्या शिखरांची अनेक काचा जोडून केलेली त्याची विस्तृत दर्शने पुढील गिर्यारोहकांच्या पिढ्यांनी नकाशासारखी वापरली. त्याच मोहिमेत फेदेरीको नेग्रोत्तो याने छायाचित्रांवरून मापन करून हिमनदीचा नकाशा तयार केला.

बोर्न व सेल्ला यांच्या दृष्टीत मोठा फरक आहे. बोर्न दरीतून वर पाहतो. पर्वत त्याच्या चित्राची पार्श्वभूमी असतो. सेल्ला स्वतः चढणारा असल्याने तो बहुधा समोरच्या उंच खांद्यावरून पाहतो. कडा कोठे सुटतो, हिमाची कंगोरी कोठे फुटेल, उतार किती अवघड हे त्याच्या चित्रात वाचता येते. बाजूने येणाऱ्या सकाळ-संध्याकाळच्या प्रकाशाची वाट पाहत तो तासन्‌तास थंडीत थांबे. अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स याने १९४६ मध्ये सेल्लाविषयी लेख लिहून त्याचे ऋण मान्य केले. ॲडम्सच्या देशात कार्ल्टन वॉटकिन्सची योसेमिटीची व विल्यम हेन्री जॅक्सनची यलोस्टोनची चित्रे ती अरण्ये राखीव होण्यास साहाय्यभूत ठरली. हिमालयाच्या चित्रांच्या वाट्यास असे यश आले नाही. ती दिवाणखान्यांत व ग्रंथालयांत राहिली.

एव्हरेस्ट मोहिमा : १९२१ च्या पहिल्या ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमेत छायाचित्रण हे मोहिमेचे अंगभूत काम झाले. एडवर्ड ऑलिव्हर व्हीलर याने कॅनडात विकसित झालेल्या छायाचित्रीय भूमापन पद्धतीने पर्वताच्या परिसराचे मापन केले. जॉर्ज मॅलरी याने मोठ्या कष्टाने उंचावर घेतलेल्या काचा कॅमेऱ्यात उलट्या बसविल्या गेल्यामुळे वाया गेल्या आणि पुष्कळ जागी त्याला पुन्हा चढून जावे लागले. १९२२ व १९२४ च्या मोहिमांत जॉन नोएल याने चलच्चित्रण केले. ३ एप्रिल १९३३ रोजी विमानांनी एव्हरेस्टवरून प्रथमच उड्डाण केले. त्या वेळी एका विमानातील चित्रणकार प्राणवायूची नळी तुटून बेशुद्ध पडला. वजनाने हलके कॅमेरे व फिल्म यांच्या प्रसारानंतर छायाचित्रण प्रत्येक मोहिमेचा नित्याचा भाग बनले व त्याचा स्वतंत्र इतिहास सांगण्याजोगा उरला नाही.

हिमनद्यांचा पुरावा : जुन्या चित्राच्या नेमक्या जागी उभे राहून, शक्यतो त्याच ऋतूत, पुन्हा चित्र घेणे व दोहोंची तुलना करणे या पद्धतीस पुनर्छायाचित्रण म्हणतात. अमेरिकन गिर्यारोहक डेव्हिड ब्रेशिअर्स (मृत्यू २०२४) याने २००७ पासून मॅलरी, व्हीलर व सेल्ला यांच्या जागा शोधून अशी चित्रे घेतली. मॅलरीने १९२१ मध्ये चित्रित केलेल्या मुख्य राँगबुक हिमनदीचा पृष्ठभाग सुमारे शंभर मीटर खचल्याचे त्यांतून दिसून आले. मात्र सर्वत्र एकच चित्र नाही. इटालियन छायाचित्रकार फाब्यानो व्हेन्तूरा याने २००९ मध्ये बाल्टोरोवर सेल्लाच्या १९०९ मधील जागांवरून चित्रे घेतली, तेव्हा शंभर वर्षांत तेथील हिमात तुलनेने फारच थोडा बदल झाल्याचे आढळले. काराकोरमच्या बऱ्याच हिमनद्या अशा प्रकारे अपवाद ठरल्या असून त्याची कारणमीमांसा अद्याप चालू आहे.

गंगोत्री हिमनदीचे उदाहरण भारतीयांना अधिक जवळचे आहे. सुमारे तीस किमी. लांबीच्या या हिमनदीच्या मुखाचे पद्धतशीर मापन भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या जॉन बिकनेल ऑडेन याने १९३५ मध्ये केले. त्यानंतरच्या मापनांनुसार १९९६ पर्यंतच्या एकसष्ट वर्षांत मुख एक किमी. हून अधिक मागे सरले. १९३५ पूर्वीच्या काळासाठी मापने नाहीत. आहे ते बोर्नचे १८६६ मधील गोमुखाचे चित्र. त्यातील हिमभित्ती, समोरचे खडक व प्रवाह यांवरून मुखाचे तत्कालीन स्थान ठरविण्याचा प्रयत्न करता येतो. गिऱ्हाइकांच्या संग्रहासाठी घेतलेल्या एका दृश्याचा असा उपयोग व्हावा, हा योगायोगच म्हणावा लागेल.

या हिमनदीचा दीर्घकालीन साक्षीदार मात्र एक संन्यासी होता. आंध्रात जन्मलेले स्वामी सुंदरानंद (१९२६–२०२०) हे १९४८ च्या सुमारास गंगोत्रीस आले व स्वामी तपोवन महाराजांचे शिष्य झाले. १९५५ मध्ये कालिंदी खिंडीच्या वाटेवर काही सोबत्यांसह ते हिमवादळात सापडले. त्यातून वाचल्यावर, जे पाहिले ते इतरांना दाखविता आले पाहिजे या ओढीने त्यांनी पंचवीस रुपयांना एक कॅमेरा घेतला. त्यानंतर पाच दशकांहून अधिक काळ गंगोत्री येथील आपल्या कुटीत राहून त्यांनी सुमारे एक लाख चित्रे घेतली. त्यांतील निवडक चित्रांचा ग्रंथ २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. बोर्नचे गोमुखाचे चित्र एका दिवसाचे आहे; सुंदरानंदांनी तेच गोमुख वर्षानुवर्षे, ऋतुमागून ऋतू पाहिले आणि हिम आटत चालल्याचे ते येणाऱ्या-जाणाऱ्यास चित्रे दाखवून सांगत. शास्त्रीय मापनाची शिस्त त्यांच्या कामात नसली, तरी एकाच ठिकाणी इतका दीर्घ काळ राहून केलेली अशी चित्रनोंद हिमालयात दुर्मिळ आहे.

संग्रहांची स्थिती : ‘बोर्न अँड शेपर्ड’ या पेढीच्या कलकत्त्यातील इमारतीस ६ फेब्रुवारी १९९१ रोजी आग लागून तिच्या संग्रहाचा मोठा भाग नष्ट झाला. पेढी त्यानंतरही कशीबशी चालू होती. जून २०१६ मध्ये ती बंद झाली. बोर्नच्या चित्रांच्या मूळ प्रती आता लंडन येथील ब्रिटिश लायब्ररी, दिल्ली येथील अल्काझी संग्रह अशा ठिकाणी विखुरलेल्या आहेत. त्यांवरील स्थलनामे बोर्नच्या कानाला जशी ऐकू आली तशी लिहिलेली असल्याने कित्येक जागांची ओळख पटविण्यासाठी त्याच्या वृत्तांतातील मुक्कामांचा आधार घ्यावा लागतो. सेल्लाच्या काचा मात्र ब्येल्ला येथे त्याच्या कुटुंबाने स्थापिलेल्या प्रतिष्ठानाच्या संग्रहात जतन केल्या आहेत.